आपल्या गल्लीचं काम समितीच्या टेबलापर्यंत कसं न्यायचं

यंदा वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मागच्या गल्लीतल्या वहिनी एक कागद घेऊन माझ्याकडे आल्या. वहीचं फाडलेलं पान, त्यावर सव्वीस सह्या आणि वर एकच ओळ: ‘आमच्या गल्लीतील गटारीचा प्रश्न लवकरात लवकर सोडवावा, ही नम्र विनंती.’ तो कागद नगरपालिकेत द्यायला त्या निघाल्या होत्या. मी त्यांना बसवलं, चहा टाकला आणि म्हटलं, “वहिनी, सह्या अगदी बरोबर आहेत. वरची ओळ तेवढी आपण पुन्हा लिहू.”

मी एकतीस वर्षं एका नगरपालिकेत सभा लिपिक होते. साताऱ्यात नव्हे, दुसऱ्या गावी. सभेची नोटीस काढायची, विषयपत्रिका तयार करायची, सभेत कोपऱ्यातल्या टेबलावर बसून कोण काय बोललं ते उतरवायचं आणि मग ठराव नीट लिहून इतिवृत्ताच्या रजिस्टरला चढवायचे, हे माझं काम. निवृत्त झाल्यावर साताऱ्याच्या शाहूपुरीत राहायला आले. इथं आल्यापासून गल्लीतले लोक विचारतात, “ताई, हे काम कुणाला सांगायचं?” तेव्हा जे सांगते, तेच इथं लिहिते आहे.

आमच्या भागातल्या लोकांना हे जास्तच जड जातं, त्याला कारण आहे. २०२० च्या सप्टेंबरात साताऱ्याची हद्दवाढ झाली आणि शाहूपुरी, विलासपूर, दरे खुर्द हा भाग नगरपालिकेत आला. त्याआधी ग्रामपंचायत होती. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा ग्रामसभा व्हायच्या, आणि तिथं कुणीही उभं राहून सरपंचाला विचारू शकत होतं. नगरपालिकेत ग्रामसभा नसते. सर्वसाधारण सभा असते, ती नागरिकांना खुली असते, जाऊन बसता येतं; पण बोलायचा अधिकार नगरसेवकांचा. त्यातच २०२१ च्या डिसेंबरात आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. समित्या नाहीत, सभापती नाहीत, सगळे ठराव प्रशासकाच्या सहीनं. २०२५ च्या डिसेंबरात निवडणूक झाली तेव्हा कुठं सभागृह परत आलं. म्हणजे हद्दवाढीतल्या माणसाला समिती काय असते हे बघायला धड सव्वा वर्षही मिळालं नव्हतं.

तर समिती म्हणजे काय, ते आधी. आपला कायदा १९६५ सालचा, महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम. एक लाखाच्या वर लोकसंख्या म्हणून सातारा ‘अ’ वर्गात. कायद्यात विषय समित्यांची नावं दिली आहेत: सार्वजनिक बांधकाम; शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य; स्वच्छता, वैद्यक व सार्वजनिक आरोग्य; पाणीपुरवठा व जलनिस्सारण; नियोजन व विकास; आणि महिला व बालकल्याण. या सहांच्या वर स्थायी समिती. तिचे अध्यक्ष पदसिद्ध नगराध्यक्षच, आणि विषय समित्यांचे सभापती तिचे सदस्य. सांगलीला तुमचे पाहुणे असतील तर तिथली रचना यात मिसळू नका. सांगली-मिरज-कुपवाड ही १९९८ पासून महानगरपालिका. तिथं महापौर असतात, सोळा जणांची स्थायी समिती असते आणि तिचा सभापती वेगळा निवडतात. तिथल्या माणसानं सांगितलेली वाट इथं चालत नाही.

विषय समितीची मुदत एक वर्षाची. हे लक्षात ठेवा. मागच्या वर्षी ज्या सभापतींनी शब्द दिला, ते यंदा त्या खुर्चीवर असतीलच असं नाही. म्हणून शब्दावर थांबू नका, कागद करा. सभापती बदलतात, फाईल राहते.

आता पहिलं काम: आपला प्रश्न कोणत्या समितीचा आहे, ते ओळखणं. आमची गटारच घ्या. ती तुंबली असेल, गाळ काढायचा असेल तर तो आरोग्य विभागाचा विषय. गटार फुटली आहे, नव्यानं बांधायची आहे, वर झाकणं टाकायची आहेत, तर बांधकाम समिती. आणि घरांचं सांडपाणी उघड्या गटारीत न सोडता जमिनीखालून ड्रेनेजची लाईन टाकावी अशी मागणी असेल तर जलनिस्सारण. एकच गटार, पण तीन टेबलं. ‘गटारीचा प्रश्न’ असं लिहिलं की कागद बहुतेक वेळा आरोग्याकडं जातो, दोन माणसं फावडं घेऊन येतात, गाळ काढतात आणि अर्जावर शेरा पडतो, ‘कार्यवाही केली’. त्यांनी काम केलं हे खरंच असतं. आपल्याला हवं ते काम आपणच मागितलेलं नसतं.

पाण्याच्या बाबतीत तर आधी चौकशी कराच. साताऱ्यात काही पेठांना कासचं पाणी येतं, काहींना शहापूर योजनेचं. या दोन्ही योजना नगरपालिकेच्या. पण शहराच्या काही भागाला पाणी देतं ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. ती राज्य सरकारची यंत्रणा आहे. तुमच्या घरी पाणीपट्टीचं बिल कुणाच्या नावाचं येतं ते बघा. प्राधिकरणाचं असेल तर नगरपालिकेची पाणीपुरवठा समिती फार तर शिफारशीचं पत्र देऊ शकते, हुकूम नाही. रस्त्याचंही तसंच. नगरपालिकेची ‘सार्वजनिक बांधकाम समिती’ वेगळी आणि सरकारचा ‘सार्वजनिक बांधकाम विभाग’ वेगळा. रस्ता कुणाच्या ताब्यात आहे हे नगर अभियंत्यांच्या ऑफिसात विचारलं की कळतं. ही चौकशी अर्ध्या तासाची. न केल्यास वर्ष जाऊ शकतं.

दुसरं काम मोजायचं. वहिनींना घेऊन मी त्याच दिवशी गल्लीत गेले. त्यांचा धाकटा मुलगा गवंडीकाम करणाऱ्या मामाची पन्नास मीटरची टेप घेऊन आला. वरच्या टोकाला मारुतीचं देऊळ, खालच्या टोकाला रस्त्याखालून जाणारा सिमेंटचा नळा. देवळाच्या पायरीजवळ खडूनं खूण केली, टेप ताणली, जिथं संपली तिथं पुन्हा खूण, पुन्हा टेप. लांबी भरली ८६ मीटर. मग रुंदी: देवळाशी दीड फूट, मधे एका घराच्या ओट्यापाशी एक फूट, खाली पुन्हा दीड. खरी अडचण त्या ओट्यापाशी होती. पाणी तिथं अडतं आणि रस्त्यावर येतं. डांबर तेवढ्याच भागात खरवडलं गेलं होतं आणि खडी उघडी पडली होती. हे इतकी वर्षं सगळे रोज बघत होते, पण टेप लावल्यावर दिसलं. मुलानं मोबाईलवर पाच फोटो काढले, प्रत्येक फोटोत जवळच्या घराचा नंबर येईल असे. फोटोत नुसतं पाणी दिसलं तर ते कुठल्याही गल्लीचं असू शकतं.

मग बसून अर्ज लिहिला. वर प्रति, मा. मुख्याधिकारी. नगराध्यक्षांच्या किंवा सभापतींच्या नावानं मुख्य अर्ज करू नका. कार्यालय चालवतात ते मुख्याधिकारी. कागद त्यांच्या नावानं गेला की आवक नंबर पडतो आणि विभागाकडं जातो. सभापती आणि आपले नगरसेवक यांना प्रत द्यायची, आणि ती हातात द्यायची. विषयाची ओळ आम्ही अशी केली: ‘शाहूपुरी येथील मारुती मंदिर ते मुख्य रस्त्यावरील नळा या ८६ मीटर लांबीच्या उघड्या गटारीचे आरसीसी बांधकाम करून त्यावर झाकणे बसविणेबाबत, व त्याकरिता अंदाजपत्रक तयार करून विषय सार्वजनिक बांधकाम समितीपुढे ठेवणेबाबत.’

ही ओळ लांब आहे, पण तीच सगळ्यात महत्त्वाची. का, ते माझ्याच कामातल्या एका गोष्टीवरून सांगते.

मी नोकरीला होते त्या गावी आठवड्याचा बाजार भरायचा. खेड्यांतून भाजी घेऊन येणाऱ्या बायका पहाटेपासून संध्याकाळपर्यंत तिथं बसायच्या आणि त्यांच्यासाठी स्वच्छतागृह नव्हतं. त्यातल्या काही जणींनी अर्ज दिला. मी नोकरीत नवी होते. अर्जात जे होतं तेच मी विषयपत्रिकेत उतरवलं: ‘बाजार पटांगणात महिलांसाठी स्वच्छतागृहाबाबत विचार करणे.’ सभेत सगळ्यांनी पाठिंबा दिला, एकानंही विरोध केला नाही. ठराव झाला: ‘सदर विषयावर विचार करण्यात आला. सभागृह सहमत आहे.’ मीच लिहिला तो. पुढं फाईल हललीच नाही, कारण त्या ठरावात कुणी काय करायचं, कुठल्या जागेत, कुठल्या पैशातून, यातलं काहीही नव्हतं. विचार करायचा होता, तो झाला. त्या बायकांना दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करावा लागला. त्यातल्या एकीनं मला विचारलं होतं, “बाई, तवा तर समदी हो म्हनली हुती न्हवं?” तो प्रश्न मी विसरले नाही. त्यानंतर माझ्या हातून ‘बाबत विचार करणे’ असा विषय पुन्हा गेला नाही. जागा, माप, काम आणि मान्यता, या चारही गोष्टी ओळीत आल्याच पाहिजेत, असं मी नंतर आलेल्या प्रत्येक लिपिकाला सांगितलं.

तर अर्ज दोन प्रतींत न्या. आवक-जावक टेबलावर एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. शिक्का मारलेली प्रत हा तुमचा आधार, ती घरच्या फाईलला ठेवा. आठ-दहा दिवसांनी जाऊन तो नंबर सांगायचा आणि अर्ज कुठल्या विभागाकडं गेला ते विचारायचं. भांडायला जाऊ नका. टेबलावरच्या माणसाकडं असे ढीगभर कागद असतात. जो नम्रपणे तारीख आणि नंबर सांगतो त्याचा कागद त्या ढिगातून निघतो, हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलं आहे.

यानंतर काय होतं? ओव्हरसियर किंवा कनिष्ठ अभियंता जागा बघतो, मोजमाप घेतो, अंदाजपत्रक करतो. मग विभाग एक टिपणी लिहितो. टिपणी म्हणजे काम काय, गरज काय, खर्च किती, कुठल्या लेखाशीर्षातून (म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या कुठल्या खात्यातून), याचं एक-दोन पानांचं टाचण. समितीतले सदस्य आणि सभापती ही टिपणी वाचून ठरवतात. नागरिकांचा अर्ज सभेपर्यंत जातोच असं नाही. जाते ती टिपणी. म्हणून ओव्हरसियर जागेवर येतील त्या दिवशी गल्लीतलं कुणीतरी हजर राहिलं पाहिजे आणि पाणी नेमकं कुठं अडतं ते बोटानं दाखवलं पाहिजे. आमच्याकडं ते आले तेव्हा ऊन होतं, गटार कोरडी होती. वहिनींनी ओट्यापाशी बादलीभर पाणी ओतून दाखवलं. पाणी फिरलं आणि रस्त्यावर आलं. ओव्हरसियरनी वहीत खूण केली. शंभर शब्दांचं काम त्या बादलीनं केलं.

पैशाचं बोलते, कारण बहुतेक अर्ज तिथंच अडतात. अर्थसंकल्पात तरतूद नसेल तर समिती मनात असूनही काही करू शकत नाही. नगरपालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुमारास सभेपुढं येतो आणि त्याची जुळवाजुळव डिसेंबरात चालू असते. मोठं काम असेल, बाग, वाचनालय, समाजमंदिर, तर त्याची मागणी दिवाळीनंतर लगेच, नोव्हेंबरात पोचली पाहिजे. मार्चमध्ये दिलेली मागणी पुढच्या वर्षाची समजा. लहान कामं चालू तरतुदीत बसू शकतात. शिवाय काही पैसा ठरावीक कामासाठीच असतो: वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेकडंच जातो, दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखून ठेवावा लागतो. तुमच्या गल्लीत व्हीलचेअरवरचं कुणी असेल आणि रॅम्प हवा असेल, तर अर्जात त्या पाच टक्क्यांचा उल्लेख स्पष्ट करा. लेखा विभाग तो उल्लेख वाचतो.

समितीची बैठक सदस्यांची असते, तिथं आपल्याला बसायला मिळेल असं धरून चालू नका. पण सर्वसाधारण सभेला जरूर जा. त्या सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी निघते, विशेष सभेची तीन दिवस आधी, आणि ती कार्यालयाच्या बोर्डावर लागते. तिच्यासोबत विषयपत्रिका असते. आपला विषय आहे का, कितव्या नंबरला आहे आणि त्याची ओळ कशी लिहिली आहे, हे त्या बोर्डावरच वाचा. ओळ बिघडली असेल तर नगरसेवकाला गाठायला अजून सहा दिवस हातात असतात. सभेत ते उपसूचना मांडून ती दुरुस्त करून घेऊ शकतात. ‘ऐनवेळी घेऊ’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे सांगा की विषयपत्रिकेवरच घ्या. घाईत घेतलेल्या विषयाला टिपणी नसते, आणि पुढं कुणी हरकत घेतली तर तोच ठराव आधी अडकतो.

सभा झाली की ठरावाची भाषा नीट वाचा. ही भाषा मी आयुष्यभर लिहिली, म्हणून तिचा अर्थ सांगते. ‘विषय तहकूब’ म्हणजे पुढच्या सभेला तो पुन्हा येईल, पण तो येतो का हे आपण बघायचं. ‘कार्यालयाने तपासून अहवाल सादर करावा’ म्हणजे टिपणी अपुरी होती. विभागात जाऊन काय कमी पडलं ते विचारा, ते आपल्याला पुरवता येण्यासारखं असू शकतं. ‘तत्त्वतः मान्यता’ ऐकून पेढे वाटू नका. काम हवं असं सभागृह म्हणालं, पैसे दिले नाहीत. ‘निधी उपलब्धतेनुसार कार्यवाही करावी’ हेही तसंच. खरा मंजूर ठराव असा असतो: ‘टिपणीत नमूद केलेप्रमाणे कामास व होणाऱ्या खर्चास मान्यता देणेत येते. खर्च अमुक लेखाशीर्षातून करणेत यावा. पुढील कार्यवाहीचे अधिकार मुख्याधिकारी यांना देणेत येतात.’ त्याखाली सूचक, अनुमोदक, आणि ‘सर्वानुमते’ किंवा ‘बहुमताने’. यात रक्कम आणि लेखाशीर्ष दिसलं की निम्मं काम झालं. पुढच्या सभेचा पहिला विषय मागील इतिवृत्त कायम करण्याचा असतो, तिथं ठराव पक्का होतो. त्याची प्रत मागा. न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, ठराव क्रमांक आणि सभेची तारीख घालून. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि ठराव आपल्याविरुद्ध गेला, खेळाच्या मैदानावर दुसरंच काही बांधायचं ठरलं, तर? लेखी हरकत मुख्याधिकाऱ्यांकडं द्या आणि जिल्हाधिकाऱ्यांकडं त्याच १९६५ च्या कायद्याच्या कलम ३०८ खाली अर्ज करा. नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार या कलमानं त्यांना दिलेला आहे. पण नुसतं ‘आम्हाला मान्य नाही’ एवढं लिहून भागत नाही. ठराव कायद्याच्या किंवा लोकहिताच्या विरुद्ध कसा जातो, ते दाखवावं लागतं. जागेवर आरक्षण असेल तर आधी विकास आराखड्याचा नकाशा बघा. आराखड्यात बदल करायचा झाल्यास हरकती-सूचनांसाठी महिनाभराची मुदत असते, आणि ती जाहिरात आपण वाचलीच पाहिजे.

या सहा समित्यांखेरीज आणखी दोन ठिकाणं माहीत असू द्या. झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या कायद्याप्रमाणं वृक्ष प्राधिकरण असतं, आणि तोडण्याआधी झाडावरच नोटीस लावावी लागते. फिरायला जाता तेव्हा झाडांच्या बुंध्यांकडं बघत जा. दुसरी पथविक्रेता समिती, २०१४ च्या कायद्यानं आलेली. हातगाडी, टोपली, फुटपाथवरचा माल, यांच्या जागा ठरवताना तिची शिफारस लागते. तिच्यात किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात आणि त्यांच्यातल्या एक तृतीयांश स्त्रिया. तुम्ही भाजी विकत असाल तर ही समिती तुमची आहे. या समितीसाठीच्या विक्रेत्यांच्या मतदार यादीत आपलं नाव आहे का आणि विक्रेता म्हणून ओळखपत्र मिळालं आहे का, हे आजच बघा. त्या बाजारातल्या बायकांच्या वेळी असा कायदा असता तर त्या माझ्यासारख्या लिपिकाच्या ओळीवर अवलंबून राहिल्या नसत्या.

काम मंजूर झाल्यावरही फाईल बंद करू नका. निविदा, कार्यारंभ आदेश, मग काम. काम चालू असताना कार्यारंभ आदेशाची प्रत मागून घ्या आणि लांबी-रुंदी त्यात काय लिहिली आहे ते बघा. झाकणं बसायच्या आधी पुन्हा टेप लावा. कमी भरलं तर बिल निघण्याआधी अर्ज गेला पाहिजे, कारण बिल निघतं ते मोजमाप पुस्तकातल्या आकड्यावर, आणि एकदा पैसे गेले की तो आकडा बदलणं फार अवघड.

आमच्या गटारीचं अंदाजपत्रक सध्या बांधकाम विभागात आहे. ओव्हरसियरचं माप ८४ मीटर आलं, आमचं ८६. देवळाची पायरी धरायची की नाही, एवढाच फरक होता. आम्ही त्यांचं ८४ मान्य केलं आणि तसं पत्र देऊन आवक नंबर घेतला. वहिनींनी आता एक निळी फाईल केली आहे, त्यात अर्ज, फोटो आणि ते पत्र तारखेनं लावलेलं आहे. सोमवारी सकाळी आम्ही दोघी नोटीस बोर्ड बघायला जाणार आहोत.